वळणावर इंजिन बंद

प्रिय खारू,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलंच दिसतंय, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. हसू नकोस. आईला पत्र लिहायला लावणारी मुलगी आजच्या जगात तू एकटीच असशील. तू जेवतेस का, झोपतेस का, हे मला तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडून कळतं, आणि तीही बिचारी इतकं जपून बोलते की जणू मीच तिची परीक्षा घेतेय. ती सांगत होती, हल्ली तू कारखान्यात पायी जातेस आणि पायीच परत येतेस. एवढं लांब? रंग जुळवण्याचं काम डोळ्यांचं असतं बाई, पायांचं नाही. दमून गेलीस तर निळ्यातला हिरवा कसा ओळखशील? असो. रागवायला म्हणून लिहायला घेतलेलं नाही, पण जुनी सवय आहे, दोन-चार वाक्यं जातीलच तशी.

इकडचं सांगते. बाबा गेल्यावर रोपवाटिका बंद पडणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, मीसुद्धा. पण रोपांना पाणी वेळेवर लागतं. घरातलं कोण गेलं नि कोण राहिलं, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. त्यामुळे उठावंच लागलं. ह्या मोसमातली लिंबाची कलमं मी एकटीनं बांधली. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, कोंबाचा डोळा अलगद आत सरकवायचा, वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. हात आपोआप करत राहतात, डोकं लागत नाही, आणि डोकं लागत नाही म्हणूनच बरं वाटतं. तुझे काका सकाळी येऊन पंप चालू करून जातात. गुलाबांवर माव्याची कीड पडली होती, ती आटोक्यात आली. तुझ्या खोलीत सध्या रिकामे ट्रे रचून ठेवलेत, कारण शेडमध्ये जागा उरली नाही. तू आलीस की उचलते.

आणि आपला रस्ता आता एकदम शहाणा झालाय. म्हणजे रस्ता आहे तसाच आहे, डांबर तेच, खड्डे तेच, माणसं शहाणी झालीत. वळणाच्या तोंडाशी एक मोठी पाटी लावलीय. तिच्यावर जाड चाकांच्या गाडीचं चित्र आणि त्या चित्रावरून तांबडी रेघ. आता आपल्या रोपवाटिकांच्या ओळीतला कुणीही एटीव्ही घेऊन रस्त्यावर चढत नाही. खालच्या शेडनेटकडे माती न्यायची तर सगळे कालव्याच्या वाटेनं वळसा घालून पुलापलीकडे जातात. तिथे पांढरे पट्टे कधीचेच आखलेत. तिथे थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग सरळ काटकोनात रस्ता ओलांडायचा. हेल्मेट हवं, दिवे हवेत, मागे कुणाला बसवायचं नाही. काका तर पट्ट्यांपाशी इतका वेळ उभे राहतात की मागच्याला वाटावं, ह्यांची गाडी बंद पडली. मी आपली हातगाडी ढकलत दारासमोरूनच पलीकडे जाते. पायी चालणाऱ्या बाईला आणि तिच्या हातगाडीला कायदा काही म्हणत नाही.

तुला तो कायदा आला तेव्हाचं आठवतं का? तू कॉलेजातून सुट्टीवर आली होतीस. पंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली होती आणि तीत आपल्या गाडीला सर्वभूप्रदेशीय वाहन असं भारदस्त नाव दिलं होतं. तुझे बाबा फळ्यासमोर उभे राहून मोठ्यानं वाचत होते. वाचून झालं आणि म्हणाले, म्हणजे ही गाडी सगळ्या भूप्रदेशांवर चालणार, फक्त आपल्या दारासमोरचा भूप्रदेश सोडून. लोक किती हसले होते! तू तर हसता हसता खाली बसलीस. त्या दिवसापासून त्या सूचनेचं गांभीर्यच गेलं. आपल्याकडे त्या गाडीला एटीव्ही तरी कोण म्हणायचं? रेडा म्हणायचे सगळे. गुरगुरतो, चिखलात लोळतो, हाकलला तरी आपल्याला हवं तिकडेच बघतो.

खरं सांगायचं तर कायदा वेडा नव्हता. ते मला तेव्हाही कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. एक माणूस आला होता समजावून सांगायला, परवाना खात्यातला, पातळ मिशीचा. त्यानं सांगितलं होतं की ही चाकं मऊ मातीसाठी केलेली असतात. मातीत ती घसरतात म्हणून वळतात. डांबरावर ती पकडून ठेवतात, गाडी वळायला बघत नाही, आणि जोर लावला की कलंडते. मागे ट्रॉली जोडलेली असेल तर पटकन बाजूलाही होता येत नाही. सगळं शांतपणे सांगितलं त्यानं. तुझ्या बाबांनी त्याला चहा पाजला, दोन जास्वंदीची रोपं दिली, फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि तो दिसेनासा झाल्यावर रेडा काढून दारासमोरूनच पलीकडे गेले. घर वर, विहीर आणि शेडनेट खाली, मधून रस्ता. रोजच्या खेपा. वळसा घालायचा तर अर्धी सकाळ तिथेच संपते. त्यांचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं. पण बरोबरही नव्हतं.

त्यांच्याजवळ स्वतःचा कायदा होता ना! बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही, तुझ्या वकीलबाईंना मला दोनदा समजावून सांगावं लागलं. आपल्या दाराच्या वरच्या अंगाला रस्ता वळतो आणि वळणाला तो उंच मातीचा बांध. त्यामुळे वरून काय येतंय ते दिसतच नाही. दिसत नाही, पण ऐकू येतं. म्हणून रस्त्याच्या कडेला यायचं, इंजिन बंद करायचं, टोपी काढायची आणि वळणाला कान द्यायचा. काही ऐकू आलं नाही की इंजिन चालू करून निघायचं. तुझ्या आजोबांनी बैलगाडी थांबवून ते सुरू केलं, बाबांनी रेड्यावर चालू ठेवलं, आणि ओळीतल्या सगळ्यांनी उचललं. पाहुणे हसायचे. सासरी आले तेव्हा मीही हसले होते. एवढा बाप्या माणूस रस्त्याकडेला टोपी हातात घेऊन मान वाकडी करून उभा, जणू बांधाच्या पोटात कुणी गुपित सांगतंय. पण इतक्या वर्षांत त्या वळणावर कुणाला साधं खरचटलं नव्हतं. पांढऱ्या पट्ट्यांवर आमचा विश्वास कसा बसणार?

आणि तू तर त्यांची पट्टशिष्या. फ्रॉक घालायच्या वयात त्यांच्या पुढ्यात रेड्यावर बसून तू कान द्यायचीस. डोळे गच्च मिटून घ्यायचीस, कारण डोळे उघडे असले की कान कमी ऐकतात असा तुझा सिद्धांत होता. दुधाचा टेम्पो, बस, दगड भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, सगळे तुला वळणाच्या आधी कळायचे. एकदा तू म्हणालीस बस येतेय, पण आज दुसरा ड्रायव्हर आहे, गिअर जोरात टाकतोय. आणि खरंच दुसरा निघाला! बाबांनी त्या दिवशी ती गोष्ट भेटेल त्याला सांगितली. टपाल द्यायला आलेल्या माणसालासुद्धा सोडलं नाही. मुलगी शिकून रंगांच्या कारखान्यात लागली ह्याचा त्यांना आनंद होताच, पण एवढे चांगले कान असून डोळ्यांची नोकरी धरली ह्याची थोडी हळहळही होती. तुला कधी बोलले नाहीत, मला बोलायचे.

आता त्या सकाळबद्दल लिहिते. तू हे वाचायचं टाळशील, पान उलटशील, पण वाचावंच लागेल तुला. आपण दोघी त्याबद्दल एकदाही बोललेलो नाही. शेवटचं सगळं आटोपलं आणि तू मान खाली घालून बसमध्ये बसलीस ती आजतागायत. तू काय पाहिलंस ते तू पोलिसांना सांगितलंस. मी काय पाहिलं ते मला कुणी विचारलंच नाही. मी रडत होते म्हणून त्यांनी मला बाजूला बसवलं, पाणी दिलं, आणि घरधन्याचा नुसता वय-व्यवसाय विचारून गेले. पण मी पाहिलं होतं, खारू. कलमाच्या शेडची खिडकी रस्त्यावरच उघडते हे तुला माहीत आहे. मी तिथेच बसले होते, डोळे भरत, म्हणजे कलमांचे.

थंडी होती. ते रेडा घेऊन कडेला आले, मागे ट्रॉलीत लिंबाची रोपं. इंजिन बंद केलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वळणाकडे कान केला. मी वर बघितलं ते त्यांना हाक मारायला, कारण पाण्याची बाटली घरातच विसरले होते. पण ते कान देत असताना मध्ये बोलायचं नाही हा घरचा नियम, म्हणून थांबले. चांगला वेळ ऐकलं त्यांनी. घाईत नव्हते अजिबात. वकीलबाईंनी मला विचारलं की त्यांना कमी ऐकू यायचं का. मला इतका राग आला! शेडमध्ये माझी कात्री पडली तर विहिरीवरून ओरडून विचारायचे, काय पाडलंस. त्यांचे कान शेवटपर्यंत तल्लख होते. त्या वळणावर त्या वेळी ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. मलाही काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी टोपी घातली, रेडा चालू केला, आणि तो डांबरावर चढला. ट्रॉलीचं चाक कडेला जरासं अडखळलं. ते निघाले तेव्हा बांधाआडून तुझी गाडी आली.

नवी गाडी घेतलीस, विजेवरची, आणि सांगितलं नाहीस, कारण बाबांना दाराशी आणून दाखवायची होती. मला नंतर कळलं की रंगही तूच तुझ्या कारखान्यात जुळवून घेतला होतास, आपल्या पिवळ्या गुलाबाचा. विजेच्या गाड्या आपल्याला माहीत नव्हत्या असं नाही. बाबांनी शहरात पाहिली होती एक. घरी येऊन म्हणाले होते, ह्याच्यापेक्षा तुझा मिक्सर जास्त आवाज करतो. हसलो होतो आम्ही. पण अशी एखादी गाडी आपल्याही वळणावरून येईल, आणि ती आली तर कान देऊन काही उपयोग नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं नाही, काकांच्या आलं नाही, आख्ख्या ओळीत कुणाच्याच आलं नाही. पिढ्यान्पिढ्या कानावर भरवसा ठेवलेली माणसं आम्ही. जे ऐकू येत नाही ते नसतंच, अशी आमची समजूत.

ब्रेक मात्र ऐकू आला. मी धावले. हातात चाकू होता तो तसाच. पुढचं लिहीत नाही. त्यांचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं आणि तेवढं पुरे. तुझं मात्र लिहिते, कारण तुला तुझं आठवत नसेल. तू ओरडली नाहीस. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, आणि ॲम्ब्युलन्स येऊन त्यांना घेऊन गेली तेव्हा तू रस्त्यावर सांडलेली रोपं उचलायला लागलीस. एकेक उचलून, माती चेपून, कडेला ओळीनं उभी करत होतीस. काकांनी तुला धरायला हात पुढे केला तर म्हणालीस, थांबा, मुळं उघडी पडलीत. ती रोपं जगली, खारू. मी ती विकायला काढली नाहीत. विहिरीच्या मागे लावलीत.

मला राग कुणाचा येतो म्हणून विचारशील तर ह्या माणसाचा येतो. सकाळी चहाचा कप हातात घेतला की येतो, पंपाचं बटण नीट लागत नाही तेव्हा येतो. भिंतीवरच्या फोटोशी मी भांडते. म्हणते, तुम्हाला अक्कल शिकवायला आलेल्या माणसाला रोपं देऊन वाटेला लावलंत. पट्ट्यांवरून जाताना तुमचे पाय झिजणार होते का? काय मिळवलंत? ते नेहमीसारखेच नुसते बघतात. मग मला रडू येतं. रडून झालं की पुन्हा राग येतो. मोठं विचित्र असतं हे. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या माणसावर ओरडायचं आणि त्याचाच जुना शर्ट उशाशी घेऊन निजायचं. मला ते फार आठवतात. तुझ्याजवळ लिहायला लाज कसली? इतके आठवतात की शेडमध्ये कुणाची सावली पडली तरी मी मान वर करते.

गेल्या आठवड्यात वकीलबाई आल्या होत्या. तुझ्याच वकीलबाई, ज्यांच्याशी तू धड बोलत नाहीस असं त्या म्हणाल्या. चांगल्या आहेत. बूट काढून शेडमध्ये आल्या आणि मी काम थांबवायला निघाले तर नको म्हणाल्या. त्यांनी तुझा जबाब वाचून दाखवला. मी वेगात होते. गाणी लावली होती. माझं लक्ष समोर नव्हतं. असं तू पोलिसांना सांगितलंस, आणि कोर्टात उभं राहूनही तेच सांगणार आहेस म्हणे. त्या म्हणाल्या, रस्त्यावरच्या खुणा मुलीच्या बाजूनं आहेत, पण मुलगीच स्वतःच्या विरुद्ध आहे, मी काय करू? तुला तुरुंगात जावं लागेल, नोकरी जाईल, हे सगळं त्यांनी तुला सांगितलं आणि तू फक्त हो म्हणालीस. ऐकताना माझ्या हातातला डोळा खाली पडला. कितीतरी वर्षांत पडला नव्हता.

मी त्यांना म्हटलं, हे खोटं आहे. त्यांनी विचारलं कशावरून. मी म्हटलं, काच खाली होती. त्यांना काही कळेना. मी धावत आले ना खारू, तेव्हा तुझ्या गाडीच्या तुझ्या बाजूची काच पूर्ण उतरवलेली होती. एवढ्या थंडीत! शहरातून येणारा माणूस काचा लावून, आत ऊब करून, मजेत येतो. गाडीत गाणं नव्हतं, काही नव्हतं, इतकं शांत होतं की मला इशाऱ्याच्या दिव्यांची टिकटिक ऐकू येत होती. काच खाली का होती ते जगात दोनच माणसांना कळलं असतं. एक गेले. उरले मी. तू वळणाला कान देत होतीस. बांध आला, तू काच उतरवलीस, वेग कमी केलास आणि रेड्याचा आवाज येतो का ते ऐकलंस, लहानपणी शिकलीस तसंच. आणि रेडा तेव्हा बंद होता, कारण ते तुला ऐकत होते; तो चालू झाला तोवर तू वळणात शिरली होतीस. त्यांनी इंजिन बंद केलेलं, तुझ्या गाडीला इंजिनच नाही. दोघांनी नीट ऐकलं आणि दोघांनाही रस्ता मोकळा वाटला. हे मला उमगलं तेव्हा मी जमिनीवर बसले. वकीलबाई घाबरल्या, त्यांना वाटलं मला काही झालं.

बाबांना चूक म्हणवत नाही तुला, म्हणून तू स्वतःला चूक म्हणतेस. दुसरं काही नाही. तुला वाटतं की तू शिक्षा भोगलीस तर त्यांच्याकडे बोट जाणार नाही. इतकी त्यांच्यावर गेलीयेस की वाटेतला सरळ पट्टा सोडून आपलाच मार्ग काढायचा! त्यांचं एक बरं होतं, त्यांना ओरडायला मी घरात होते. तुला ओरडायला एवढं लांबून कागद खर्ची घालावा लागतो.

काका कालच येऊन बसले होते. कोर्टातून मला बोलावणं आलंय हे त्यांना कळलंय. बराच वेळ पंपाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, आणि मग चपलेकडे बघत म्हणाले, वहिनी, दादाचं नाव खराब होईल असं काही बोलू नका. ओळीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज केलाय, वळणावरच पट्टे आखून द्यावेत म्हणून, आरसा लावावा म्हणून. दादा कायदा मोडून मेला असं घरच्याच माणसानं सांगितलं तर अर्ज कोण ऐकणार? आणि मेलेल्या माणसाला कोर्टात उभं करायचं का? असं म्हणाले आणि डोळे पुसले. वाईट माणूस नाही गं. त्यांचाही भाऊच गेला. त्यांना चहा दिला, आणि काय करणार ते सांगितलं नाही. ते बोलत होते तेव्हा मला एकदा वाटलंही की बरोबरच आहे त्यांचं. आपल्याच माणसाची चूक चारचौघांत मोठ्यानं सांगायची म्हणजे त्याला पुन्हा एकदा घराबाहेर काढल्यासारखं आहे. फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेले.

पण मी ठरवलंय, आणि ते तुला कोर्टात ऐकायला मिळू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तारखेला मी साक्ष द्यायला उभी राहणार आहे. सांगणार आहे की माझे यजमान बंदी असलेल्या जागी एटीव्ही घेऊन रस्त्यावर चढले, ट्रॉलीसकट. तिथे ओलांडायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. माझी मुलगी हळू येत होती, तिची काच खाली होती, ती कान देऊन येत होती, आणि चूक तिची नव्हती. तू कितीही नाही म्हणालीस तरी मी बोलायची थांबणार नाही, तुझा हट्ट कुणाकडून आलाय ते मला माहीत आहे, आणि त्यांच्याशी भांडून मी तयार झालेली आहे. ओळीतली माणसं माझ्याशी बोलायची थांबतील. थांबू देत. नवरा गेला, खारू, त्याच्यापुढे मला काही करता आलं नाही. मुलगी जायला निघालीय आणि तिला मी जाऊ देणार नाही. तुझी गाडी दुरुस्त होऊन इमारतीखाली झाकून उभी आहे, तू तिला हात लावत नाहीस, हेही मला तुझ्या मैत्रिणीनं सांगितलंय. त्या दिवशी ती काढ. कोर्टाला मी बसनं येईन, पण परतीचं तिकीट काढणार नाही. सगळं उरकलं की मला घरी घेऊन ये, आपल्याच रस्त्यानं, वळणावरूनच. गाडी तूच चालवायची. मी पुढे बसेन, तुझ्या शेजारी.

रागावलेली, पण सगळी तुझीच,
आई